आवक-जावक : एका वृक्षोद्यानाचे दप्तर

आमच्या वृक्षोद्यानाच्या पहिल्या संचालकांनी पाठवलेल्या पत्रांच्या ज्या कार्बन प्रती दप्तरात शिल्लक आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक पाण्याविषयी आहेत. झाडांची पत्रे त्यानंतर येतात, आणि त्यांतही फुलाफळांचे कौतुक करणारे वाक्य क्वचितच सापडते. विहिरीवरचा पंप दुरुस्त करणाऱ्याला धाडलेले स्मरणपत्र, टँकरच्या बिलात एक फेरी जास्त कशी लागली याची विचारणा, ग्रामपंचायतीच्या नळयोजनेतून चैत्र-वैशाखात थोडे पाणी मिळावे म्हणून सरपंचांना विनंती, आणि या कशालाच उत्तर न आल्यावर विश्वस्तांना लिहिलेले एक लांबलचक, शब्दांत संयमी पण आतून तापलेले पत्र, असा तो सगळा ऐवज आहे. दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हे वृक्षोद्यान आहे. एक छोटी विश्वस्त संस्था ते चालवते, आणि संस्थेचा चिटणीस या नात्याने जुना पत्रव्यवहार लावून ठेवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.

हे काम करताना जोडीला मोठ्या उद्यानांच्या संचालकांची पत्रे, जेवढी घरबसल्या वाचता येतात तेवढी, मी वाचत आलो आहे. लंडनच्या क्यू उद्यानाने तिथल्या वरिष्ठांना मुख्यतः १८४१ ते १९२८ या काळात जगभरातून आलेली पत्रे २१८ खंडांत बांधून ठेवली आहेत आणि त्यांतील बरीच आता संगणकावर पाहायला मिळतात. अमेरिकेत बोस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या अखत्यारीत असलेल्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे दप्तरही असेच निगुतीने जपलेले आहे. या संस्थांशी आमच्या सड्याची बरोबरी करण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या एका हरितगृहाच्या दुरुस्तीत आमचे कित्येक वर्षांचे अंदाजपत्रक बुडून जाईल. पत्रांचे विषय मात्र चकित व्हावे इतके सारखे आहेत. पैसा, पाणी, माणसे, कुंपण, पाट्या, वाटेत कुजलेले बियाणे, उत्तर न देणारे अधिकारी आणि नको तितके प्रश्न विचारणारे पाहुणे. वृक्षोद्यान एकदा लावले की पुढे ते आपले आपण वाढते, असा समज विश्वस्तांपासून पर्यटकांपर्यंत सर्वांचा असतो. ही पत्रे वाचल्यावर तो टिकत नाही. लागवडीनंतरचे बहुतेक काम लिहिण्याचे असते, आणि ज्या संचालकाला लिहिण्याचा कंटाळा होता त्याच्या कारकिर्दीतील झाडे आज उभी असली, तरी ती कुठून आली आणि कशासाठी लावली हे कोणालाच सांगता येत नाही.

चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांची १८७३ मध्ये अर्नोल्डचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्या हाती काय आले हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे : गुरे चारून चारून निकस झालेली शेतजमीन आणि वर्षाला तीन हजार डॉलरपेक्षाही कमी उत्पन्न. एवढ्या पैशात रस्तेसुद्धा झाले नसते. म्हणून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराला बरोबर घेऊन त्यांनी हार्वर्ड विद्यापीठ आणि बोस्टन शहर या दोघांच्याही मागे अनेक वर्षे लकडा लावला, आणि अखेर १८८२ मध्ये असा करार झाला की विद्यापीठाने जमीन शहराला द्यावी, शहराने ती वर्षाला एक डॉलर भाड्याने हजार वर्षांसाठी विद्यापीठाला परत द्यावी, रस्ते शहराने बांधावेत, पोलीसही शहरानेच ठेवावेत, आणि झाडांचे काय करायचे ते मात्र वृक्षोद्यानाने ठरवावे. हजार वर्षांचा आकडा ऐकून प्रथम हसू येते. पण अनुदान मार्चअखेर खर्ची टाकण्याच्या घाईत ज्यांनी झाडे लावलेली पाहिली आहेत, त्यांना त्या आकड्यामागचा व्यवहारीपणा लगेच कळेल.

आमच्याकडे हजार वर्षे राहू द्यात, सातबाऱ्यावरच्या नावांचा हिशेब लागेपर्यंत पहिल्या संचालकांची निम्मी कारकीर्द सरली. कोकणातील जमिनीचा सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मूळ जमीन एका घराण्याने संस्थेला दान दिली होती; तिच्या माथ्यावरची पट्टी मात्र सामाईक निघाली, आणि तिच्या सहहिस्सेदारांपैकी जेमतेम दोन घरे गावात, बाकीची गिरगाव, लालबाग आणि पुढे डोंबिवली-विरारला. संचालक वनखात्यातून निवृत्त झालेले, कागदपत्रांत मुरलेले गृहस्थ. त्यांनी नोटिसा काढल्या नाहीत. टंकलिखित कागद मुंबईच्या खोलीत पोहोचला की माणूस आधी वकील गाठतो, असे त्यांनी विश्वस्तांना कळवले आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना स. न. वि. वि., तरुणांना चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. मग गावच्या पावसापाण्याची हकीकत, देवळाच्या जीर्णोद्धाराचे कुठवर आले त्याची खबर, आणि शेवटच्या परिच्छेदात संमतीपत्राचा विषय. उत्तरे सावकाश आली, पण आली. एका काकूंनी संमतीच्या बदल्यात माहेरच्या परसातील रायवळ आंब्याची कोय लावून घेतली, आणि तो आंबा त्या पत्राच्या क्रमांकासह आमच्या नोंदवहीत आहे.

जमिनीच्याच संदर्भातील दुसरा जुडगा पाखाडीचा, म्हणजे दगडी पायवाटेचा, आहे. वाडीतून समुद्राकडे उतरणारी जांभ्या दगडाची जुनी पाखाडी नेमकी आमच्या हद्दीतून जाते. काही विश्वस्तांचे म्हणणे होते की ती बंद करून काटेरी तार ओढावी, म्हणजे गुरांचाही बंदोबस्त होईल. संचालकांनी याला लेखी विरोध केला आणि वाडीला पत्र लिहून सरळ सौदा मांडला : पाखाडी रात्रंदिवस उघडी राहील, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, तिथे माणूस जाईल एवढी खिंड ठेवली जाईल, आणि त्याबदल्यात भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात तेव्हा वाडीने ती या बाजूला येऊ देऊ नयेत. वाडीचे उत्तर शाळेच्या वहीतील फाडलेल्या रेघी पानावर आहे. खाली गावकर आणि मानकऱ्यांच्या सह्या, दोन अंगठे, आणि समासात कोणीतरी वेगळ्या शाईने घातलेली एक अट, की शिमग्यात पालखी येईल तेव्हा खिंडीतले चिरे काढून वाट रुंद करून द्यावी. ती अट आजही पाळली जाते. सार्जंट यांच्या कराराइतकाच मला हा कागद महत्त्वाचा वाटतो; मुदत लिहिलेली नाही एवढाच फरक.

आता रोजच्या कामाकडे येतो. सड्यावर झाड लावणे म्हणजे आधी खड्डा मिळवणे. वर जेमतेम वीतभर माती आणि खाली सलग कातळ. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल असा खड्डा पाडायला पहार पुरली नाही तर सुरुंग लागतो, आणि सुरुंग लावायचा म्हणजे परवानाधारक माणसाला लिहा, पोलीस ठाण्याला कळवा, शेजारच्या बागायतदाराला सांगा, असा तीन पत्रांचा एक खड्डा. तो खालच्या शेतातील मातीने आणि पालापाचोळ्याने भरायचा, मृगाचा पाऊस स्थिरावला की रोप लावायचे, आणि पाऊस संपल्यावर पुढची दोन-तीन वर्षे डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत आळ्यात पाणी घालायचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्यासाठी इतकी पत्रे का लिहावी लागतात, असे एका विश्वस्तांनी एकदा विचारले होते. ते कल्याणला राहत. संचालकांनी त्यांना उलट टपाली मे महिन्यात मुक्कामाला येण्याचे निमंत्रण दिले.

माणसांचा प्रश्न पाण्याहून अवघड. ज्या दिवसांत रोपांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच एप्रिल-मेमध्ये हापूसची तोड असते, आणि आंब्याच्या बागेतली मजुरी वृक्षोद्यानाला परवडत नाही. गणपतीत आणि शिमग्यात कोणी कामाला येणार नाही हे गृहीतच. मुकादमाला लिहिलेल्या पत्रांत म्हणून सगळे वर्ष सणांभोवती बेतलेले दिसते. बेणणी, म्हणजे तण काढणे, गणपतीआधी उरकावी. दसऱ्यानंतर गवत वाळायला लागले की हद्दीलगत जाळरेषा काढावी, कारण वणवा बाहेरून येतो आणि आला तर विहिरीचे पाणी त्याला पुरत नाही. वाळवीसाठी खोडे तपासावीत. वानरांनी मोडलेल्या शेंड्यांची यादी द्यावी. मुकादमाला लिहिता-वाचता येत होते, पण उत्तरे तो मुलीकडून लिहून घेई, आणि तिच्या गोलसर अक्षरातील ती उत्तरे संचालकांच्या पत्रांहून अधिक उपयोगी आहेत. कोणत्या आळ्यात पाणी साचते, कोणत्या कातळाच्या भेगेतून ते निसटते, आणि ऐनाचा कोणता वृक्ष 'नुसता उभा आहे, धरत नाही', हे तीच सांगतात. पगारवाढीची मागणी मात्र मुकादमाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. ती मंजूर झाल्याचे टिपण मागच्या बाजूस आहे.

पाट्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा विषय प्रत्येक संचालकाला पुरून उरला. खाऱ्या हवेत पत्र्याची रंगवलेली पाटी दोन पावसाळ्यांत गंजते, लाकडी पाटीला वाळवी लागते, आणि खिळ्याने ठोकलेली पाटी झाड वाढता वाढता गिळून टाकते. शेवटी तारेच्या सैल कड्यात अडकवलेली, क्रमांक ठोकून उमटवलेली अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी टिकली. तिच्यावर नाव नसते, फक्त क्रमांक आणि वर्ष. बाकी सगळे नोंदवहीत. अर्नोल्डमध्येही हाच प्रघात आहे : प्रत्येक झाडाला प्रवेश क्रमांक, त्याला जोडून वर्ष, आणि एकाच खेपेतील अनेक झाडे असतील तर पुढे अक्षर. पाहुण्यांना हे आवडत नाही, त्यांना मोठ्या अक्षरांत नाव हवे असते. ते द्यायला हरकत नाही, पण नाव बदलू शकते, ओळख चुकलेली निघू शकते. क्रमांक बदलत नाही.

क्रमांकाच्या मागे एखादे पत्र असेल तरच त्याला अर्थ असतो. आमच्या सुरंगीचे उदाहरण देतो. दुसऱ्या संचालक वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या काळात वेंगुर्ल्याकडच्या एका शाळामास्तरांनी ओल्या काथ्याच्या भुशात गुंडाळून सुरंगीच्या बिया एस.टी.च्या पार्सलने पाठवल्या. सोबतच्या पत्रात बिया कोणत्या झाडाखालून, कोणत्या आठवड्यात वेचल्या, त्या झाडाच्या कळ्या वाळवून विकायला कोण नेते, आणि शेजारचे दुसरे झाड फुलते पण फळत नाही, एवढे सगळे लिहिलेले आहे. शेवटी त्यांनी बजावले आहे की पुडके आले त्याच दिवशी उघडावे, ही बी ताटकळत ठेवली तर रुजत नाही. बाईंनी पोच दिली, किती बिया सडलेल्या निघाल्या तेही कळवले, आणि पत्राचा आवक क्रमांक नोंदवहीत झाडापुढे टाकला. पुढे सुरंगीवर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी आली, तेव्हा तिने झाडाकडे पाहण्याआधी तो कागद मागितला. तोच त्या झाडाचा जन्मदाखला. शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला अधिक भरदार अशा दुसऱ्या सुरंगीचा कागद नाही, म्हणून तिचे माप कोणी घेतले नाही.

कोकमाची गोष्ट याहून खर्चिक आहे. रातांब्यात, म्हणजे कोकमातच, नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बीपासून वाढवलेले झाड कोणते हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कळत नाही. ढोबळमानाने निम्मी नर निघतात. पहिल्या संचालकांनी जिल्हाभरातून बिया मागवून कोकमाची एक लांब रांग लावली, त्यासाठी केलेला पत्रव्यवहार जाड फायलीएवढा आहे, आणि फुलोरा यायच्या सुमारास ते निवृत्त झाले. बाईंनी प्रत्येक झाडाखाली उभे राहून नर-मादीची नोंद केली. त्यानंतर विश्वस्तांचे पत्र आले की जी फळत नाहीत ती काढून तिथे कलमे लावावीत. बागायतीचा विचार केला तर सूचना रास्तच होती. कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेल्या कोकण अमृता, कोकण हातीस या जातींची कलमे मिळत असताना नर झाडांना पाणी कोण घालील? बाईंचे उत्तर या दप्तरातील माझे सर्वांत आवडते पत्र आहे. त्यांनी लिहिले की संस्थेची घटना तपासली, तीत उत्पन्नाचा उल्लेख चौथ्या कलमात आहे आणि संग्रहाचा पहिल्या. ही झाडे वेगवेगळ्या गावांतील आहेत, त्यांतील काही गावांतले मूळ झाड आता राहिलेले नाही, आणि परागासाठी नर लागतोच. खाली त्यांनी नर झाडांची गावनिहाय यादी जोडली. झाडे राहिली.

याच बाईंनी पूर्वसूरींची लागवड तोडली, हेही सांगायला हवे. पहिल्या संचालकांनी वाऱ्याला आडोसा आणि सरपणाला लाकूड म्हणून पश्चिमेच्या बाजूने आकेशियाची दाट पट्टी लावली होती. तो सामाजिक वनीकरणाचा काळ होता आणि कोकणात ठिकठिकाणी तेच झाड लावले जात होते. बाईंच्या मते ती पट्टी आतल्या किंजळ, नाणा, हेदू या वृक्षांचे ऊन आणि पाणी खात होती. जुन्या संचालकांचा यावर गावातूनच आलेला निषेध फायलीत आहे, आणि त्यातला सूर दुखावलेला आहे. कलकत्त्याजवळच्या शिवपूर उद्यानाची कथा वाचलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथले अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक प्रकृतीसाठी दीर्घ रजेवर गेले असताना १८४२ ते १८४४ या काळात विल्यम ग्रिफिथ यांनी तिथला कारभार पाहिला, आणि शास्त्रीय मांडणीच्या आग्रहापायी जुनी मोठी झाडे इतकी तोडली की १८४८ मध्ये आलेल्या जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ती ओसाडी खटकली. वॉलिक परतले तेव्हा त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना आमची फाईल वाचून येते. फरक असा की बाईंनी एका दमात पट्टी साफ केली नाही. तीन टप्प्यांत तोडली, प्रत्येक टप्प्याआधी जुन्या संचालकांना पत्र लिहून हरकत मागवली, आणि दुसऱ्या टप्प्यावरची त्यांची हरकत मान्य करून वायव्येचा कोपरा ठेवला.

त्या कोपऱ्याची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगडच्या बाजूची गावेही त्याच्या तडाख्यात सापडली. वीज बरेच दिवस नव्हती, फोन लागत नव्हते, आणि त्यामुळे सध्याच्या संचालकांनी, ज्या एरवी सगळे काम मोबाईलवर करतात, कागदावर लिहिले. वनशास्त्राची पदवी घेतलेल्या या तरुण संचालकांची त्या आठवड्यातील टिपणे उत्तम आहेत. आकेशियाचा कोपरा पहिल्या झोतातच आडवा झाला, पण आडवा झाला तो बाहेरच्या बाजूला. आत पडलेली झाडे जवळजवळ सगळी सुरुंगाच्या खड्ड्यांतली : मुळे खड्ड्याच्या भिंतीला आपटून आतल्या आत गोल फिरली होती आणि झाड मातीच्या गोळ्यासकट उपटून आले. कातळाच्या नैसर्गिक भेगेत लावलेली झाडे, वाढीला कमी, पण जागेवर राहिली. उंडीचे एकही झाड पडले नाही. हे निरीक्षण आता आमच्या लागवडीच्या पद्धतीत आले आहे. खड्डा पाडण्याआधी भेग शोधली जाते.

पडलेल्या झाडांचे काय करायचे, हा निर्णय चार दिवसांत घ्यायचा होता, कारण पाऊस तोंडावर होता. मोठी झाडे गेलीच. लहान झाडे उचलून, फांद्या छाटून, टेकू देऊन पुन्हा बसवली, आणि नंतरच्या पावसाने त्यांतील बरीच तगली. टिपणात संचालकांनी क्यूच्या टर्नर ओकचा दाखला दिला आहे. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात क्यूमध्ये सुमारे ७०० झाडे पडली. हा जुना ओक मात्र मुळांसकट उचलला जाऊन पुन्हा खाली बसला, आणि मरेल असे वाटत असताना काही वर्षांनी पूर्वीपेक्षा टवटवीत झाला, कारण पाहुण्यांच्या पावलांनी घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. तेव्हापासून तिथे झाडांखालची माती हवेच्या दाबाने मोकळी करतात. अर्नोल्डमध्ये सप्टेंबर १९३८ च्या वादळाने दीड हजारांच्या आसपास झाडे नेली, आणि शिवपूरला १८६४ व १८६७ अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ आली. जॉर्ज किंग यांनी १८७१ मध्ये सूत्रे घेतली तेव्हा हाती आलेल्या मोकळ्या जागेत त्यांनी तळी खणली, त्या मातीने सखल भाग उंच केला आणि उद्यानाची रचनाच नव्याने केली. आमच्याकडे पंचनामा झाला. त्याच्या नमुन्यात आंबा, काजू, नारळ, सुपारी यांचे रकाने होते. कुंभा, हेदू, बिवला यांना रकाना नव्हता, म्हणून ती झाडे कागदोपत्री पडलीच नाहीत. संचालकांनी क्रमांकवार यादी वेगळी जोडून दिली आणि पोच घेतली. भरपाई मिळाली नाही, यादी मात्र राहिली.

बियाण्यांची देवाणघेवाण हा संचालकांच्या पत्रांतला एरवीचा आनंदाचा भाग. वनस्पतिशास्त्रज्ञ एल्मर मेरिल यांनी १९४७ मध्ये अर्नोल्डकडून अवघे २५० डॉलर चीनमधील वनस्पतिशास्त्रज्ञांना पाठवले, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत जीवाश्मांवरूनच माहीत असलेल्या मेटासिक्वोया या वृक्षाच्या बिया जानेवारी १९४८ मध्ये बोस्टनला पोहोचल्या. तिथून त्या पाकिटांतून जगभर गेल्या. इतक्या थोड्या पैशांत इतके मोठे काम दुसऱ्या कोणत्या पत्रव्यवहाराने केले असेल असे वाटत नाही. बी टिकाऊ नसेल तर मात्र याच कामाची रड होते. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून क्यूला आणलेल्या सुमारे ७०,००० रबराच्या बियांपैकी २,७०० च्या आसपासच रुजल्या. आमचे रातांबे आणि सुरंगी त्याच जातकुळीतले, वाळले की गेले. परदेशातून मागणी आली तर पहिले संचालक पाकिटात बिया घालून टपालात टाकत. आता २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि क्यूच्या खंडांमधून आपल्या देशातून किती काय काय मुकाट बाहेर गेले हे वाचल्यावर त्या कायद्याचा त्रास मला वाटत नाही. नकाराचे पत्र सभ्य भाषेत कसे लिहावे याचा एक मसुदा आम्ही करून ठेवला आहे.

आपल्या बाजूच्या जुन्या संचालकांपैकी अलेक्झांडर गिब्सन यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते १८३८ पासून अधीक्षक होते. लष्कराच्या दवाखान्यांना औषधी वनस्पती पुरवणे हे त्या बागेचे मुख्य काम, म्हणजे हिशेब आणि मागणीपत्रे यांतच त्यांचा दिवस जात असणार. पण त्याच कामाच्या निमित्ताने ते मुंबई इलाख्यात फिरत, आणि १८४० च्या दशकात त्यांनी वरिष्ठांना कळवले की कोकणातील डोंगर उघडे पडत चालले आहेत आणि त्याबरोबर झरे आटत आहेत. १८४७ मध्ये त्यांना इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. राज्यकर्त्यांना जहाजांसाठी साग हवा होता, झऱ्यांची चिंता नव्हती, हे खरे; तरीही बागेच्या रोजच्या दप्तरातून ही गोष्ट वर गेली, याचे मोल मला वाटते.

आजचा आमचा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. पंप बिघडला की फोटो, मजूर आले नाहीत की आवाजी निरोप, विश्वस्तांची मंजुरी म्हणजे अंगठ्याचे चित्र. काम झटपट होते, हे नाकारता येत नाही. पहिल्या संचालकांना जे पाणी महिनाभराच्या पत्रापत्रीने मिळे, ते आता अर्ध्या तासात टँकरने येते. पण मागच्या उन्हाळ्यात बिवल्याच्या तीन झाडांना पाणी बंद करण्याचा निर्णय कोणी आणि का घेतला, हे शोधताना असे आढळले की तो निरोप ज्या फोनवर होता तो फोनच बदलला आहे. त्यावर मी आणि संचालकांनी मिळून एक साधी रीत घातली. शनिवारी आठवड्याचे निर्णय त्या सांगतात, मी ते एका पानावर उतरवतो, त्याला जावक क्रमांक पडतो, आणि ज्या झाडांशी त्यांचा संबंध असेल त्यांचे क्रमांक समासात येतात. संचालकांना सुरुवातीला हा म्हातारचळ वाटला होता, आणि तसे त्या म्हणाल्याही. हल्ली शनिवारी त्याच आधी विचारतात, काका, वही आणलीत ना?

या आठवड्याच्या पानावर तीन विषय आहेत. कोकमाच्या रांगेतील वादळात गेलेल्या नरांच्या जागी त्याच गावांतून पुन्हा बी मिळते का, यासाठी तिथल्या ग्रामपंचायतींना पत्रे जायची आहेत आणि ती रातांबे पिकायच्या आत, म्हणजे एप्रिलपूर्वी, पोहोचायला हवीत. पाखाडीच्या खिंडीतील ढासळलेले चिरे शिमग्याआधी बसवून घ्यायचे आहेत. आणि माथ्याच्या पट्टीवर वारस नोंद झाल्याने सातबाऱ्यावर नवीन पाच नावे चढली आहेत; त्यांतील दोघे विरारला, एक पुण्यात, आणि दोघांचे पत्ते गावात कोणालाच माहीत नाहीत, तेव्हा ते त्यांच्या मामांकडून मागवले आहेत.